फाट्यावरचं लोकेशन

मी रस्ता चुकत नाही. कुणाला फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. शिरूरला माझी मेस आहे, कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांना मी दोन्ही वेळचा डबा पोहोचवते आणि व्हॅन स्वतः चालवते. पोरं कुणी बिहारची, कुणी ओडिशाची, कुणी नांदेडकडची. राहतात रांजणगावच्या आजूबाजूला, शेतात उठवलेल्या खोल्यांच्या रांगांत. सगळ्या खोल्या सारख्या, सगळ्यांना निळी दारं, सगळ्यांपुढं दोरीवर वाळत घातलेले युनिफॉर्म. पूर्वी पत्ता विचारला की पोरगं म्हणायचं, भाभी, पानी की टंकी के पीछे. अरे बाबा, टाकी काय एकच आहे का रांजणगावात? आता नवीन गिऱ्हाईक आलं की मी एवढंच सांगते, लोकेशन भेज. खोलीच्या दारात उभा राहून भेज, कंपनीच्या गेटवरून नको. मग मी आणि मॅपमधली ती बाई, दोघी बरोबर त्या दारात जातो. भात गरम असतो तोवर पोहोचतो.

आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, त्या बाईचं वावडं आहे. एक दिवस तुला चुलीपाशी जायलाही तीच वाट दाखवेल, असं मला चिडवतात. स्वतः मात्र चहाच्या टपरीवर थांबून विचारत विचारत जातात. आता आपल्याकडं रस्ता विचारण्यात काय मजा आहे ते मला नको सांगायला. आपल्या माणसाला "ठाऊक न्हाई" म्हणणं कमीपणाचं वाटतं. तो हात लांब करतो, "हे काय, हितंच" म्हणतो, आणि ते "हितंच" दोन गावं ओलांडून निघतं. त्यापेक्षा माझी बाई बरी. चुकलं तर न रागावता पुन्हा सांगते. माझी आई पहिल्यांदा व्हॅनमध्ये बसली तेव्हा ऐकून म्हणाली, ही कोण बोलती गं, लई गोड बोलती, तिला जेवून जा म्हणावं.

पण त्या बाईला माणसानंच खोटं सांगितलं तर ती तरी काय करणार? हे मला माझ्या माहेरानं शिकवलं.

माहेर माझं दौंड तालुक्यात, यवत आणि केडगावच्या मध्ये. पण हायवेला नाही, आत. सोलापूर रोडवरून एक फाटा फुटतो. मग रेल्वेखालची मोरी लागते, तिच्यात वर्षातले निम्मे दिवस पाणी. मोरी झाली की कॅनॉल, कॅनॉलच्या पुढं ऊस आणि उसाच्या पलीकडं आमची वस्ती. तिथं आबा, म्हणजे माझे वडील, आई आणि माझा धाकटा भाऊ. ऊस आहे, शेवंती आहे, गोठ्यात गाई आहेत, घराला स्लॅब आहे. भाऊ शिकलेला, निर्व्यसनी, कष्टाला वाघ. म्हणजे मुलात खोट काढायला जागा नाही. खोट एकच, घर आत.

हे "आत" प्रकरण बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या भागात "रोडटच" नावाचा एक शब्द आला आहे. आधी तो प्लॉटच्या बोर्डांवर होता, तिथून लग्नाच्या बोलण्यांत शिरला. मुलगा कसा आहे हे लोक मागनं विचारतात, घर रोडपासून किती आत आहे हे आधी विचारतात. आणि आता तर विचारायचीही गरज नाही. मुलीकडचे यायच्या आधी वरून बघून घेतात. मोबाईलवर सॅटेलाइटचं चित्र लावायचं, बोटांनी मोठं करायचं, शेततळं आहे का, गोठ्यावर पत्रा आहे का उसाचं पाचट, रस्ता डांबरी का मातीचा. पूर्वी चौकशीला एखादा लांबचा पाहुणा धाडायचे. त्याला चहा पाजला, दोन शब्द गोड बोललं की तो परत जाऊन चांगलं सांगायचा. आभाळातून बघणाऱ्याला चहा कुठून पाजणार?

तरी एक पार्टी यायला निघाली होती. मोरीपाशी आली, पाणी बघितलं आणि तिथूनच गाडी वळवून गेली. फोन लावला तर बंद. इकडं भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभा. आप्पांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, मोरीवरून येऊन सांगितलं तेव्हा त्यानं शर्ट काढला, खुंटीला लावला आणि धार काढायला गेला. मला त्या लोकांचा इतका राग आला, इतका राग आला, की सांगता सोय नाही. अरे, घर नको तर नको म्हणा, पण दारापर्यंत तरी या. माणूस उभं केलंय ना तिथं.

त्यानंतर बरेच दिवस त्यानं विषय काढू दिला नाही. मग माझ्या ओळखीतनं एक स्थळ आलं. मुलगी न्हावऱ्याकडची, रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. स्कूटीवर जायची यायची, धीट होती. तिला वडील नव्हते, सगळं मामांच्या हातात. मला ती पाहताक्षणी आवडली. मी भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, हे शेवटचं. ह्याच्यानंतर मला कुणाच्या म्होरं उभं करू नको."

मी म्हटलं, बरं.

मुलीकडचे घर बघायला येणार ठरलं. आणि आमच्या आबांच्या डोक्यात कल्पना आली. आबा म्हणजे मानी माणूस. गावच्या विकास सोसायटीच्या राजकारणात आयुष्य गेलं, चार माणसांत शब्दाला वजन. पण त्या राजकारणातच विरोधकांनी त्यांना "आतले" म्हणून हिणवलेलं, ते त्यांच्या मनाला लागलेलं. ते आप्पांना घेऊन फाट्यावर गेले, हायवेच्या कडेला उभे राहिले आणि तिथून मुलीच्या मामांना लोकेशन पाठवलं. वर मलाही पाठवलं, मोठ्या कौतुकानं. मी उघडून बघते तर काय, मॅपवरची टाचणी बसली आहे एका दुमजली बंगल्याच्या फाटकात. रंगीत कंपाउंड, पुढं गाडी. बंगला कुणाचा तर एका ट्रान्सपोर्टवाल्याचा. आमचा त्याच्याशी रामराम सोडून काही संबंध नाही.

मी लगेच आबांना फोन लावला आणि आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, हे खोटं आहे. आबा म्हणाले, खोटं कसं, आमची वाट तिथूनच सुटती, मग फाटा आमचा न्हाई तर कुणाचा? मी म्हटलं, आबा, पाहुणे शिरूरकडून येणार. न्हावरा, मग भीमेवरचा पारगावचा पूल, मग केडगावच्या अलीकडं वळलं की आपली वस्ती. मोरी नाही, पाणी नाही. घर आधी लागतं, हायवे नंतर. तुम्ही त्यांना घरावरून पुढं नेणार, हायवेला उभं करणार, आणि तिथून मोरीतनं मागं आणणार. हा कुठला द्राविडी प्राणायाम? तर म्हणाले, एकदा का रोडला उतरवलं, मग आतली वाट कोण मोजतंय. मी म्हटलं, मुलगी द्यायची म्हणजे बाजारातनं वांगी आणायची नव्हेत, लोक दहादा बघतात. त्यावर त्यांचं ठेवणीतलं उत्तर आलं, तू डबं पोचव, लग्नाचं आमी बघतो.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला. पण त्यांचा हुकूम होता की बायकांच्या स्वागताला मी फाट्यावर हजर पाहिजे, तीही काठापदराच्या साडीत. गेले. न जाऊन सांगते कुणाला? उद्या मोडलं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. भावानं या सगळ्यात तोंड उघडलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, आबांस्नी करू दे काय करायचं ते. मला वाटलं, बिचाऱ्याचं मनच उडालंय.

दिवाळी होऊन गेली होती, उसाला तोड सुरू झाली होती. रविवारी सकाळी आम्ही फाट्यावर. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणलेल्या, बंद पडलेल्या ढाब्यापुढची जागा झाडून पाणी मारलेलं, सतरंजी, टॉवेल, टोपी, नारळ. आबा पांढऱ्याशुभ्र धोतरात, टोपीला कडक कांजी. आप्पा, चुलती, भावकीतले दोन म्हातारे, मी आणि आमचे मालक. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर धुळीचा लोट आमच्या स्वागतावर. थोड्या वेळानं त्या बंगल्याचा मालक बाहेर आला आणि कुणाचा कार्यक्रम म्हणून विचारलं. आबांनी सांगितलं. माणूस चांगला होता. त्यानं पिण्याच्या पाण्याचा जार आणून दिला आणि हसून विचारलं, पाहुण्यांनी विचारलं तर घर कुणाचं म्हणून सांगू? आबांचा चेहरा लाल झाला. आमचे मालक तोंड फिरवून खोकायला लागले.

वाट बघितली. ऊन वर आलं. मामांचा फोन लागेना. मी मॅप उघडून बघितला, न्हावऱ्याच्या चौकात लाल रेघ. म्हटलं, उसाच्या गाड्यांत अडकले असतील. लाल रेघ गेली, तरी पत्ता नाही. नारळाला लावलेलं कुंकू वाळून गेलं. म्हातारे पेंगायला लागले. शेवटी आबा माझ्या खुर्चीपाशी आले. त्या माणसाला हळू बोलायची सवय नाही, पण तेव्हा बोलले.

"हितनंच वळलं का गं?"

माझा सगळा राग तिथंच विरघळला. इतके दिवस मला वाटत होतं, हा म्हातारा मोठेपणासाठी करतोय. तो तर घाबरला होता. पोराला पुन्हा अंगणात तसं उभं बघावं लागेल म्हणून घाबरला होता. मी नुसता त्यांचा हात धरला.

तेवढ्यात आईचा फोन. तिचा आवाज दबका, पण धारेला लावलेला. पाहुणे कवाचे येऊन बसल्यात, चहा दोनदा झाला, तुमी समदी कुठं उलथलाय?

मग जी काय धांदल उडाली. खुर्च्या तिथंच, सतरंजी तिथंच, नारळ आप्पांच्या काखेत. सगळे माझ्या व्हॅनमध्ये कोंबले आणि मी गाडी हाणली. मोरीपाशी आले तर उसाची ट्रॉली मोरीत फसलेली. पुढचं चाक खड्ड्यात, ऊस वरच्या सळईला अडकलेला, दोन्ही बाजूंनी पाणी. ट्रॅक्टरवाला म्हणतो, जेसीबी येतोय. आणि माझ्या मोबाईलमधली ती बाई म्हणते, सरळ पुढे जा. मी म्हटलं, तू ये आणि जा. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बंद केलं.

आबांनी वाट बघितली नाही. धोतराचा काचा मारला, चपला हातात घेतल्या आणि ट्रॉलीच्या कडेनं पाण्यात उतरले. त्यांच्यामागं मी, काठापदर गुडघ्यापर्यंत उचलून. माझ्यामागं मालक, मी पडले तर धरायला, असं ते म्हणतात. खरं तर तेच माझ्या पदराला धरून आले. कॅनॉलवरून उसातनं आम्ही चालत, निम्मं पळत घरी पोहोचलो. चिखलानं सगळे सारखे झालो होतो.

अंगणात एक गाडी उभी. मामा शेवंतीच्या वाफ्यात उभे राहून फुलं बघत होते. मुलीची आई माझ्या आईशेजारी ओट्यावर, दोघी जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या शेंगा फोडत होत्या. आणि मुलगी गोठ्यापाशी. माझा भाऊ कामाच्या कपड्यांत, बाह्या वर सारलेल्या, हाताला पेंडीचा वास असणार, आणि तिला कुठली गाय लाथ मारते ते सांगत होता. ती हसत होती. इतक्या वर्षांत मी माझ्या भावाला परक्या माणसाशी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मामांनी आबांना बघितलं. रामराम झाला. मग त्यांनी साहजिकच विचारलं, आबा, तुम्ही होता कुठं? आबांच्या धोतरातनं पाणी ठिपकत होतं. तुम्हास्नीच आणायला गेलो व्हतो, एवढंच ते म्हणाले. मामांना काही उमगेना. आम्हाला कशाला आणायचं, लोकेशन तर थेट दारात आलं, असं ते म्हणाले. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही पाठवलं. आबांनी भावाकडं बघितलं. भावानं मान खाली घातली.

बोलली ती मुलगी. गोठ्यापासून चार पावलं पुढं आली. आवाज मऊ, पण नजर सरळ आबांकडं.

"आबा, राग मानू नका. काल मला ह्यांचं लोकेशन आलं, मामांच्या मोबाईलवर मी तेच लावलं. खाली लिहिलं होतं, खरं घर हे हाय, हायवेला आमचं काय न्हाई. रस्ता वाईट हाय, मोरीत पाणी हाय, पारगावकडनं या. बघून मन झालं न्हाई तर बाहेरनंच वळा, मला राग न्हाई."

गाईच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती.

मग ती म्हणाली, "आजवर आम्हाला सगळ्यांनी रोडवरचंच लोकेशन पाठवलं. घर दर वेळी आतच निघालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. बायोडेटावर तिचा स्वतःचा नंबर होता. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, पण तिलाच काही सांगावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मामांशी बोलायचं, मामांना पाठवायचं, मामांना पटवायचं. ज्याला पुन्हा पुन्हा अंगणात उभं केलं त्या पोरानं मात्र जिला घरात यायचंय तिलाच खरं सांगितलं, आणि वर तिला परत जायची मोकळीकही दिली.

आता आबा काय करतात इकडं माझं लक्ष. हा माणूस भर सभेत उठून जाणारा. भाऊही अंग आकसून उभा होता. आबांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं, ओट्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ पायाचा चिखल खरवडत राहिले. मग भावाला विचारलं, "मोरीतलं पाणी बी सांगितलंस?"

भाऊ म्हणाला, व्हय.

"बरं केलंस," आबा म्हणाले, आणि आईला म्हणाले, पुन्हा चहा टाक, आमी लांबनं आलोय.

लग्न झालं. आमच्याच अंगणात झालं, आणि पत्रिकेवर वाट पारगावकडची छापली. फाट्यावरच्या खुर्च्या त्या दिवशी बंगलेवाल्यानं सांभाळून ठेवल्या होत्या, त्यालाही आवतण गेलं आणि तो आहेर घेऊन आला. आमचे मालक अजून लोकांना सांगतात, माझी बायको कधी रस्ता चुकत नाही, फक्त एकदा बरोबर चुकीच्या ठिकाणी पोहोचली होती. म्हणू देत. मी त्या दिवशी आबांनी सांगितलेल्या ठिकाणी वेळेवर हजर होते, चूक असली तर टाचणीची होती.

टाचणी भावजयीनं आल्यावर महिन्याभरात हलवली. तिनं आबांनाच अंगणाच्या मधोमध उभं केलं, त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच अंगठ्यानं मॅपवर घराची जागा टाकायला लावली. आबा कुरकुरले, वरनं समद्यांना आपलं पाचट दिसंल म्हणाले. दिसू द्या, ती म्हणाली. आता डॉक्टर गाईला बघायला येतो तो कुणाला न विचारता येतो. शेवंती न्यायला टेम्पो येतो तो मोरीत न अडकता येतो. आई एकदा न्हाणीत घसरून पडली तेव्हा ॲम्ब्युलन्स पारगावकडनं सरळ ओट्यापर्यंत आली. त्या दिवशी मी मनातल्या मनात भावजयीचे पाय धरले.

परवा भाच्याचं बारसं होतं. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते, आबा बाहेर ओट्यावर. सोसायटीतला त्यांचा कुणी जुना विरोधक आमंत्रणाला मान देऊन आलेला, आणि जुन्या सवयीनं हायवेलाच थांबून फोन करत होता. आबांचा आवाज नेहमीसारखा सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा.

"फाट्यावर कशाला उभं ऱ्हायलाय? तिथं आमचं काय बी न्हाई. आमी आतलं हाय. आत या."